फाइव्ह कॉल्स: युद्धाविरुद्ध सिनेटरला फोन लावायचा असेल तर

अमेरिकेच्या राज्यघटनेने युद्ध पुकारण्याचा अधिकार काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला दिला आहे, राष्ट्राध्यक्षाला नाही. 1973 चा वॉर पॉवर्स ठराव (नावाने ठराव, पण आहे कायदा) राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा नकाराधिकार मोडून मंजूर झाला. सैन्य लढाईत उतरवले की 48 तासांत काँग्रेसला कळवायचे, आणि काँग्रेसने परवानगी दिली नाही तर 60 दिवसांत लढाई थांबवायची (माघारीसाठी आणखी 30 दिवस), असे त्यात आहे. पण राष्ट्राध्यक्षाने ऐकले नाही तर हा कायदा वापरायला सभागृहात मते लागतात. जून 2025 मध्ये अमेरिकेने इराणवर केलेल्या हल्ल्यानंतर, काँग्रेसच्या परवानगीशिवाय लढू नये असा सिनेटर टिम केन यांचा ठराव चर्चेला घेण्याचा प्रस्तावच 47 विरुद्ध 53 ने पडला. चार सिनेटर इकडे आले असते तर तो पुढे गेला असता. अशा मतदानाच्या आधीच्या तीन-चार दिवसांत सामान्य माणसाच्या हातात असलेले सगळ्यात थेट साधन म्हणजे फोन, आणि तो लावणे सोपे करणारी सेवा म्हणजे फाइव्ह कॉल्स.

निक ओ'नील आणि रेबेका कॉफमन या जोडप्याने जानेवारी 2017 मध्ये ती सुरू केली. ती फुकट आहे, देणग्यांवर आणि स्वयंसेवकांच्या बळावर चालते. वेबसाइट आहे, आयफोन आणि अँड्रॉइडवर अ‍ॅपही आहे. खाते उघडावे लागत नाही. भूमिका उघडपणे पुरोगामी आहे, तटस्थ असल्याचा आव नाही.

वापर असा. पत्ता टाकायचा. झिप कोडही (तिथला पिनकोड) चालतो, पण एकच झिप दोन मतदारसंघांत विभागलेला असू शकतो आणि मग प्रतिनिधी (कनिष्ठ सभागृहातला तुमचा सदस्य) चुकीचा दिसतो, म्हणून घर क्रमांकासह पूर्ण पत्ता टाकणे बरे. मग विषयांच्या यादीतून एक निवडायचा. प्रत्येक विषयाखाली थोडक्यात पार्श्वभूमी, कोणाला फोन करायचा (बहुतेक वेळा तुमचे दोन सिनेटर आणि एक प्रतिनिधी) आणि काय बोलायचे त्याचा मजकूर असतो. नंबरवर बोट ठेवले की तुमच्याच फोनवरून कॉल लागतो. मध्ये दुसरी कुठली यंत्रणा नसते, म्हणजे समोरच्या कार्यालयाला तुमचा नंबर दिसतो, हेही लक्षात असू द्या. कॉल संपला की 'काँटॅक्ट', 'व्हॉइसमेल', 'अनअव्हेलेबल' किंवा 'स्किप' यांपैकी एक बटण दाबायचे. ही नोंद फाइव्ह कॉल्सच्या मोजणीसाठी असते, काँग्रेसला ती जात नाही. फोन न करता बटण दाबण्यात काहीच अर्थ नाही.

खरी मोजणी पलीकडे होते. फोन उचलणारा माणूस बहुधा इंटर्न किंवा कनिष्ठ कर्मचारी असतो. तो वाद घालायला बसलेला नसतो. नाव, गाव, झिप, विषय आणि बाजूने की विरोधात, एवढे तो टिपतो, आणि त्याची बेरीज वर जाते. म्हणून क्रम असा ठेवा: नाव, गाव आणि झिप, मग ठरावाचा क्रमांक, मग नेमकी मागणी ('या ठरावाच्या बाजूने मत द्या'), आणि शेवटी एक वाक्य स्वतःचे. सगळे मिळून मिनिटाच्या आत. झिपचे आकडे एकेक करून सावकाश सांगा. कुळकर्णी किंवा देशपांडे स्पेल करत बसण्यात वेळ घालवू नका, ते विचारतील तेव्हा सांगा. 'युद्ध थांबवा' एवढेच म्हटले तर ते कुठल्या रकान्यात लिहायचे हा त्या इंटर्नपुढे प्रश्न पडतो. क्रमांक आणि 'हो' किंवा 'नाही' असेल तर पडत नाही.

फाइव्ह कॉल्सचा तयार मजकूर इथे निम्मे काम करतो. उरलेले निम्मे, म्हणजे ते एक वाक्य, तुम्हाला स्वतः लिहावे लागते. शब्दशः तोच मजकूर दिवसभर ऐकणाऱ्याला तो लगेच ओळखू येतो. नोंद तरीही होते, पण लक्षात राहतो तो स्वतःचे कारण सांगणारा. मुलगा सैन्यात आहे, नातेवाईक आखातात नोकरीला आहेत, हे कारण दहा शब्दांत सांगता येते.

आता अडचणी. सगळ्यात मोठी म्हणजे लाइन न लागणे. फेब्रुवारी 2025 मध्ये सिनेटच्या फोनयंत्रणेवर मिनिटाला सुमारे 1,600 कॉल येत होते, एरवी 40 च्या आसपास येतात, असे सिनेटर लिसा मर्काउस्की यांनी सांगितले होते. अशा दिवशी वॉशिंग्टनचा नंबर व्यग्र लागतो किंवा व्हॉइसमेल भरलेला असतो. अ‍ॅपमध्ये त्याच नावाखाली राज्यातल्या स्थानिक कार्यालयांचे नंबरही असतात. तिथे लावा. तिथे गर्दी कमी असते. अ‍ॅप बंद पडले तर कॅपिटॉलचा (काँग्रेसच्या इमारतीचा) स्विचबोर्ड 202-224-3121 आहे, तिथून हवे ते कार्यालय जोडून मिळते. पश्चिम किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी वेळेचे गणित करावे: तिथे दुपारी दोन वाजता वॉशिंग्टनमध्ये पाच वाजलेले असतात. बोलायची भीती वाटत असेल तर मुद्दाम रात्री फोन करून व्हॉइसमेल ठेवावा, मात्र त्यात पूर्ण पत्ता सांगावा, नाहीतर तो मोजला जाण्याची शक्यता कमी होते.

दुसरी उणीव यादीची. एका वेळी इतके विषय दिसतात की माणूस गोंधळतो. अ‍ॅप सुचवेल ते सगळे करू नका. आठवड्यात ज्यावर मतदान आहे तो एक घ्या आणि ठरावाची सद्यस्थिती काँग्रेसच्या अधिकृत संकेतस्थळावर तपासूनच फोन उचला. मतदान होऊन गेलेल्या ठरावावर 'बाजूने मत द्या' म्हणणे म्हणजे वाया गेलेला कॉल. दुसऱ्या राज्यातल्या प्रसिद्ध सिनेटरला फोन करण्याचा मोहही टाळावा, त्यांच्या कार्यालयाच्या लेखी तुम्ही कोणी नाही.

फोनने सगळे साधते असेही नाही. येमेनमधल्या युद्धातून अंग काढून घेण्याचा ठराव 2019 मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाला, ट्रम्प यांनी नकाराधिकार वापरला आणि तो मोडण्यासाठी लागणारी दोन-तृतीयांश मते सिनेटमध्ये मिळाली नाहीत. पण तो ठराव राष्ट्राध्यक्षाच्या टेबलापर्यंत गेला आणि प्रत्येक सिनेटरचे मत नावानिशी नोंदले गेले. पुढच्या निवडणुकीत ते मत दाखवून जाब विचारता येतो.

अमेरिकेतल्या मराठी वाचकांसाठी एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी. फोन करायला नागरिक असावे लागत नाही. ग्रीन कार्डवर असा किंवा एच-वन-बी व्हिसावर, प्रतिनिधी त्या मतदारसंघात राहणाऱ्या सगळ्यांचा असतो. फाइव्ह कॉल्सच्या मजकुरात 'कॉन्स्टिट्युअंट' हा शब्द आहे. आपण मनात त्याचे भाषांतर 'मतदार' असे करतो आणि बोलताना 'व्होटर' म्हणून जातो. ते अजिबात करू नका. कॉन्स्टिट्युअंट म्हणजे मतदारसंघातला रहिवासी, आणि नागरिकत्वाचा खोटा दावा इमिग्रेशन कायद्यात फार महागात पडतो. मजकुरातला शब्द आहे तसाच वाचा. आपला नंबर आणि नाव सरकारी कार्यालयात जाऊ नये असे वाटत असेल तर ती काळजी रास्त आहे. तेव्हा घरातल्या नागरिक व्यक्तीने फोन करावा.

नागरिकत्व घेऊन आता पुण्यात किंवा दुबईत राहणाऱ्यांनी अमेरिकेतला आपला शेवटचा पत्ता टाकावा, मतदानही त्याच मतदारसंघात होते. आणि ज्यांना फोनवर बोलणे जमतच नाही त्यांच्यासाठी रेझिस्टबॉट आहे: 50409 वर मेसेज पाठवला की तो पत्राच्या रूपात तुमच्या प्रतिनिधीपर्यंत पोचवला जातो. मतदान उद्यावर असेल तर मात्र फोनच करा.