मुक्काम मदुराईत की तंजावरात?

तमिळनाडूत देवळं बघायला निघालेल्या मराठी माणसाचा प्रश्न बहुधा इथेच अडतो. रामेश्वर ठरलेलं असतं, कन्याकुमारीबद्दल घरात दोन मतं असतात, आणि मधले दोन-तीन दिवस मदुराईला द्यायचे की तंजावरला यावर सगळी गाडी थांबते. दोन्ही शहरांमध्ये साधारण दोनशे किलोमीटरचं अंतर आहे, रस्त्याने चारेक तास. म्हणजे दोन्ही होतात. पण बॅगा उघडून, कपडे वाळत घालून राहायचं कुठे, हे एकदाच ठरतं. आम्ही दोन्हीकडे राहिलो आहोत, आणि माझा कौल कुठे आहे ते पुढे आपोआप कळेलच.

आधी खाणं, कारण तिथे वादच नाही. मदुराई जिंकते. या गावाला तमिळमध्ये ‘न झोपणारं शहर’ म्हणतात ते उगाच नाही. रात्री अकराला तव्यावर लोखंडी पात्यांचा ठणठणाट चालू असतो, तो कोत्तू परोट्याचा, म्हणजे अंडं-मटण घालून तव्यावरच बारीक तोडलेल्या परोट्याचा. शाकाहारी असाल तरी हिरमुसायचं कारण नाही. मुरुगन इडलीवाल्यांची सुरुवात याच गावातली. केळीच्या पानावर वाफाळती इडली आणि भोवती चार रंगांच्या चटण्या येतात, सांबार मागाहून. जिगरथंडा प्यावाच: आटवलेलं दूध, बदाम पिसीन (भिजवून फुगवलेला डिंक), नन्नारी या सुगंधी मुळीचं सरबत आणि वर आइस्क्रीम. पेलाभर प्यायलात की रात्रीच्या जेवणाचा विचार सोडून द्या. सकाळी रस्त्यावर पितळी भांड्यातून परुत्ती पाल मिळतं, म्हणजे सरकीचं दूध, गूळ-सुंठ घातलेलं. ऐकायला विचित्र, प्यायला छान.

तंजावरात असा खाण्याचा उत्सव नाही. दुपारी पानावरचं जेवण चांगलं मिळतं, संध्याकाळी डोसा-पोंगल मिळतं, कॉफी बहुतेक ठिकाणी उत्तम. तेरा किलोमीटरवरच्या तिरुवैयारूला गेलात तर मूगडाळीचा अशोका हलवा खाऊन या. कर्नाटक संगीताचे संत-रचनाकार त्यागराज यांची समाधीही तिथेच, कावेरीच्या काठी. सांबार तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात जन्मलं, तिथल्या शहाजीराजांनी (शिवरायांचे वडील नव्हेत, व्यंकोजींचे चिरंजीव) आमटीत कोकमाऐवजी चिंच घातली आणि संभाजीराजांच्या नावावरून नाव पडलं, ही गोष्ट तुम्हाला कुणीतरी सांगेलच. ऐकून घ्या, पुरावा मागू नका.

राहण्याच्या बाबतीत मदुराई पुन्हा सोयीची. स्टेशनसमोरच्या वेस्ट पेरुमाळ मेस्त्री स्ट्रीटवर हॉटेलांची रांगच आहे, दर खिशाला परवडणारे, देऊळ चालत दहा-पंधरा मिनिटांवर. काहींच्या गच्चीवर जेवणाची सोय आहे आणि तिथून गोपुरं दिसतात. बदल्यात हॉर्न ऐकावे लागतात. तंजावरात स्टेशनजवळ, गांधीजी रोडच्या आसपास राहावं. मोठं देऊळ, म्हणजे बृहदीश्वराचं, आणि राजवाडा दोन्ही हाताशी. बसने येणार असाल तर नवा बसस्टँड गावाबाहेर आहे, रिक्षाचा खर्च धरून चाला. विमानासाठी मदुराईला स्वतःचा तळ आहे. तंजावरला जायचं तर तिरुचिरापल्लीला उतरून तासा-दीड तासाचा रस्ता.

म्हणजे आतापर्यंत मदुराईचंच पारडं जड. मग आमचं कुठे अडलं? देवळात.

मीनाक्षीचं देऊळ अप्रतिम आहे, त्यात दुमत नाही. शहरच त्याच्याभोवती रचलंय. एकाबाहेर एक चौकोनी रस्ते, त्यांना तमिळ महिन्यांची नावं: आडी, चित्तिरै, आवणी मूल, मासी. देवळात मोबाइल नेता येत नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये पूर्वेकडच्या मंडपात मोठी आग लागली, त्यानंतर उच्च न्यायालयाच्या आदेशाने ही बंदी आली. नियमाशी माझं भांडण नाही. उलट आत कुणी सेल्फी काढत नाही हे सुखच. पण चपला एका खिडकीवर, मोबाइल दुसऱ्या खिडकीवर, दोन बिल्ले खिशात, आणि आत गेल्यावर भव्य दगडी अंधार. तिकिटाची रांग वेगळी, फुकट दर्शनाची वेगळी. आई-बाबा एका रांगेत, आम्ही दुसऱ्या, मुलगा हजारखांबी मंडपात खांब मोजत बसलेला (ते 985 आहेत, हे त्याला नंतर कळलं). बाहेर पडायला चारही दिशांना गोपुरं आणि आतून, रंगीत मूर्तींच्या त्या गर्दीत, ती सगळी आम्हाला सारखीच दिसली. पंढरपुरात ‘नामदेव पायरीशी भेटू’ म्हटलं की विषय संपतो. इथे ‘तलावापाशी भेटू’ म्हणालो, तर तलावाला चार बाजू आणि चारी बाजूंना पायऱ्या.

शेवटी बाबा पश्चिमेच्या दाराने बाहेर निघाले. चपला पूर्वेला. साडेबारा वाजले होते, म्हणजे देऊळ बंद व्हायची वेळ. ते चारला उघडतं, त्यामुळे आतून परत येण्याचा मार्गही संपला. भर दुपारी तापलेल्या चित्तिरै रस्त्यावरून अनवाणी अर्धा फेरा, सावलीच्या पट्ट्या शोधत, आणि फोन करायची सोय नाही. कुणाला काही झालं नाही. पण आमच्या घरात मदुराई म्हटलं की मीनाक्षीआधी तो रस्ता आठवतो. तरुण जोडप्याला हे सगळं गंमतीचं वाटेल; सोबत सत्तरीचे आई-वडील असतील तर जरा विचार करा.

तंजावरच्या बृहदीश्वराला जायला एकच वाट. पूर्वेकडून दोन गोपुरं ओलांडायची की समोर नंदी आणि त्याच्या मागे ते विमान, म्हणजे गाभाऱ्यावरचं शिखर, दोनशे फुटांहून उंच, राजराज चोळाने 1010 साली पुरं केलेलं. ज्या दाराने शिरलात त्याच दाराने बाहेर. आवारात मोबाइल चालतो. फोटोला बंदी आहे ती गाभाऱ्यात. कुणीही कुठेही रेंगाळलं तरी अंगणात उभं राहिलं की माणूस दिसतो. मदुराईत उंची गोपुरांना आहे, देव आत खोलवर. इथे दारं ठेंगणी आणि उंची सगळी देवाच्या डोक्यावर, त्यामुळे चुकायला जागाच नाही. गाइड सांगेल की शिखराची सावली जमिनीवर पडत नाही. चारनंतर जा, पूर्वेकडे पसरलेली लांबलचक सावली बघा आणि तिच्यातच बसा.

बसून झालं की नैर्ऋत्येकडच्या ओवऱ्यांत जा. भिंतीवर मराठी कोरलेलं आहे. तंजावरचे भोसले राजे सरफोजी यांनी 1803 मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे दगडात लिहवून घेतला. एवढा लांब कोरीव लेख क्वचितच कुठे असेल. अक्षरं लावायला वेळ लागतो, पण नावं पटापट ओळखू येतात. आमच्या आईने बोट न टेकवता, हवेतच बोट फिरवत, चार-पाच ओळी मोठ्याने वाचल्या. शेजारून जाणारं एक तमिळ कुटुंब थांबून ऐकत राहिलं. एवढ्या दूर येऊन असं काही वाचायला मिळणं हा माझ्यासाठी पक्षपाताचा मुद्दा आहे, हे मान्य.

राजवाडा मराठ्यांआधीच्या नायक राजांचा, पुढे मराठ्यांनी वाढवलेला. देखभाल यथातथाच आहे. दरबार हॉलचे रंग अजून झळकतात. तिथलं चोळकालीन कांस्यमूर्तींचं दालन मात्र चुकवू नका, आणि सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं संग्रहालयही. 1675 च्या सुमारास शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी आले आणि 1855 पर्यंत हे राज्य टिकलं, पण आपल्या शाळेच्या पुस्तकात त्याला जेमतेम दोन ओळी.

मदुराईच्या बाजूने दोन गोष्टी राहिल्या, त्या सांगायला हव्यात. एक, रात्रीची शेजारती: साडेनवाच्या सुमारास सुंदरेश्वराची, म्हणजे मीनाक्षीचे पती शंकर यांची, पालखी वाजतगाजत मीनाक्षीच्या महालात जाते. धुपाचा लोट, चवऱ्या, नादस्वरम. असं तंजावरात काही नाही. दुसरी, गांधी संग्रहालय. 1921 च्या सप्टेंबरात गांधीजींनी पंचा नेसायला सुरुवात केली ती याच गावात.

म्हणून माझं सांगणं असं. फक्त तरुण मंडळी असाल, खाण्याची हौस असेल आणि रात्री भटकायचं असेल तर मदुराईतच राहा, मजेत राहाल. घरातली तीन पिढ्यांची पलटण घेऊन जाणार असाल तर दोन रात्री तंजावर. त्यात कुंभकोणमजवळचं दारासुरमचं चोळकालीन देऊळही होतं, आणि दमलं नसेल तर गंगैकोंडचोळपुरमचंही. मग शेवटची एक रात्र मदुराईला ठेवा. देवळात दुपारी नाही, रात्रीच जा. रस्ता गार झालेला असतो. आत शिरण्याआधी ‘पूर्वेच्या दाराबाहेर, चपलांच्या खिडकीपाशी’ असं सगळ्यांकडून पाठ करून घ्या, आणि मोबाइलचा बिल्ला आईकडे द्या.