वेंगुर्ले साईडला गावच्या देवळात कौल लावला, त्याचा अनुभव

ज्यांना कौल लावायला, म्हणजे देवाला प्रश्न विचारून त्याचं हो की नाही घ्यायला जायचंय, त्यांच्यासाठी लिहितेय. आम्ही डोंबिवलीचा फ्लॅट विकून गावाला होमस्टे टाकायचं ठरवलं होतं, म्हणजे अगदी खोल्या किती, बाथरूम कुठे, सगळं कागदावर काढून झालेलं, आणि सासूबाई एवढंच म्हणाल्या की देवाला विचारलंत का गो? नव्हतं विचारलं.

सकाळी 8 ला देवळात पोचलो, तेव्हा गर्दी नसते. नारळ, पानसुपारी, उदबत्ती न्यायची, दक्षिणा आपल्या मनाने, रेट वगैरे काही नाही. गुरवकाकांनी आधी समोर बसवलं आणि विचारलं, "डावो इलो तर ऐकतल्यात मां? नायतर देवाक त्रास कित्याक?" म्हणजे डावा कौल, नकार आला तर ऐकाल ना, नाहीतर देवाला त्रास कशाला. मी गप्पच झाले, कारण खरं सांगायचं तर मी शिक्का मारून घ्यायलाच आले होते. काका म्हणाले घाई नाय, बसा जरा. सभामंडपात बसून राहिलो आणि मग खरंच हात जोडले, तू सांगशील तसं.

मग काकांनी गाऱ्हाणं घातलं. फ्लॅट, कर्ज, मुलाची दहावी, काहीच सोडलं नाही, आणि आजूबाजूचे अनोळखी लोकही आमच्यासाठी "व्हय म्हाराजा" म्हणत होते, तिथे माझे डोळे भरले. पाषाणावर उजवीकडे नि डावीकडे ओल्या पाकळ्या लावतात, उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाण्याचा थेंब खाली सरकत होता आणि ह्यांनी माझा हात घट्ट धरलेला. डावी पडली.

वाईट वाटलं, खूप वाटलं. पण काकांनीच सुचवलं म्हणून दुसरा प्रश्न घातला, मुलाची बारावी होईपर्यंत थांबून मग करू का, त्याला दोन मिनिटात उजवा आला. प्लॅनचा कागद आता कपाटात ठेवलाय.

कौल म्हणजे नुसती घरगुती अडचण असं नाही हां. आचऱ्याची गावपळण रामेश्वराच्या कौलावर होते, अख्खं गाव गुरंढोरं घेऊन तीन दिवस वेशीबाहेर राहतं. आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीखसुद्धा कौलानेच ठरते, लोक मुंबईहून गाड्यांची बुकिंग करायला त्या तारखेची वाट बघत बसतात. एवढी माणसं थांबतात तर मला माझ्या एका फ्लॅटसाठी थांबायला काय हरकत होती?

एक गोष्ट मात्र खटकली. आमच्यानंतरचे गृहस्थ डावा आला म्हणून तोच प्रश्न फिरवून फिरवून तीनदा विचारत होते आणि त्यांना कोणी अडवलं नाही, मागे म्हाताऱ्या बायका उभ्या होत्या. हे बंद व्हायला पाहिजे. शिवाय चप्पल ठेवायला आडोसा नाही, पावसात हाल होत असणार. व्यवस्थेला 5 पैकी 4 देईन, गुरवकाकांना पूर्ण 5.

जाताना प्रश्न एकच आणि स्पष्ट न्या, फोन बंद ठेवा, जत्रेच्या दिवसात नको. सावंतवाडी स्टेशनला उतरून एसटीने जाता येतं. शिमग्याला आम्ही परत जातोय, ह्यावेळी काही विचारायला नाही, नुसतं ओटी भरायला.