डिस्टेंपर की साधं इमल्शन? हात आखडता असताना घराच्या भिंतींना काय लावावं

दोन खोल्या आणि स्वयंपाकघर रंगवायचंय, पैसे मोजके आहेत आणि रंगारी विचारतो, "डिस्टेंपर मारू की प्लास्टिक?" डिस्टेंपर म्हणजे खडूसारख्या भुकटीचा, पाण्यात कालवायचा स्वस्त रंग. प्लास्टिक म्हणजे इमल्शन, पाण्यातलाच पण वाळल्यावर प्लास्टिकसारखा पापुद्रा धरणारा रंग, आणि या बजेटात ते कंपनीच्या यादीतलं सगळ्यात खालचं, साधं इमल्शन. भारीतले धुता येणारे रंग इथे धरलेलेच नाहीत. दोन्ही वापरून झाल्यावर माझं मत एका बाजूला झुकलंय, ते लपवत नाही. पण डिस्टेंपरलाही घरात त्याची जागा आहे, तीही सांगतो.

दुकानात पहिला घोळ मापाचा होतो. डिस्टेंपर किलोवर मिळतं, इमल्शन लिटरवर. एक लिटर साधं इमल्शन वजनाला दीड किलोच्या आसपास भरतं, त्यामुळे एका किलोचा भाव एका लिटरच्या भावाशेजारी ठेवून "दुप्पट महाग" म्हणणं बरोबर नाही. भिंत किती झाकली जाते ते बघायचं. माझा हाताशी धरायचा अंदाज असा: दोन हातांत, म्हणजे रंगाच्या दोन थरांत, एक किलो डिस्टेंपर साधारण ५० चौरस फूट जातं, एक लिटर साधं इमल्शन ६५ च्या आसपास. डब्यावर याहून मोठे आकडे दिसतात, पण ते गुळगुळीत भिंतीचे. जुना खरबरीत गिलावा जास्त रंग पितो.

आता हिशोब करून बघा. बाहेरची खोली १२ × १५, झोपायची १० × १२, स्वयंपाकघर ८ × १०, उंची १० फूट. चार भिंतींचे अनुक्रमे ५४०, ४४० आणि ३६० मिळून १३४० चौरस फूट. दारं, खिडक्या आणि ओट्यामागच्या फरश्या वजा केल्या की भिंती साधारण ११५० उरतात. छतं १८०, १२० आणि ८०, म्हणजे ३८०. सगळीकडे डिस्टेंपर मारलं तर २० किलोची एक बादली आणि १० किलोची एक, तीही ओढूनताणून. भिंतींना इमल्शन आणि छताला डिस्टेंपर असं केलं तर इमल्शनची २० लिटरची एक बादली आणि डिस्टेंपरची १० किलोची. म्हणजे दोन्हींतला फरक एका मोठ्या बादलीपुरताच. दुकानदाराला हे दोनच भाव विचारा आणि वजाबाकी करा. घासणं, भेगा-भोकांत लांबी म्हणजे पुट्टी भरणं आणि दोन हात मारणं यांची मजुरी त्या फरकाशेजारी ठेवलीत, तर तो फरक वाटला होता तेवढा मोठा दिसत नाही.

मला कौल द्यायला लावला तो डोक्याच्या तेलाच्या डागाने. आपल्या घरांत माणसं भिंतीला पाठ टेकून बसतात. पलंगाच्या उशाशी, टीव्हीसमोरच्या सतरंजीमागे, दाराजवळ जिथे आजी बसते तिथे, जमिनीपासून अडीच-तीन फुटांवर एक पिवळट गोल उमटतो. तसाच काळपट डाग स्विचबोर्डाभोवती बोटांचा. डिस्टेंपरवर हा डाग ओल्या फडक्याने पुसायला गेलं की फडक्यावर रंग येतो. डाग थोडा फिका होतो, पण पुसलेली जागा भोवतीच्या भिंतीपेक्षा उजळ दिसू लागते, आणि आधी वीतभर असलेला डाग हातभर होतो. डब्यावर वॉशेबल लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ हलक्या हाताने एकदोनदा पुसता येतं इतकाच घ्यावा. साबण लावून घासणं त्याला झेपत नाही.

बरं, उरलेलं डिस्टेंपर तेवढ्याच जागी लावावं, तर तो तुकडा लांबून ओळखू येतो. एक कारण भिंत तोवर धुळीने आणि उजेडाने बदललेली असते. दुसरं असं की या बजेटात बरेचदा पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये जागेवरच बाटलीतला स्टेनर, म्हणजे घट्ट रंगद्रव्य, घालून शेड काढलेली असते, आणि हाताने काढलेली शेड पुन्हा तशीच निघत नाही. मग एका डागापायी अख्खी भिंत रंगवावी लागते. दर वेळी जुन्या थरावर नवा थर चढतो. खालचा थर भुकटीसारखा सुटा असेल तर नवा ओला हात वाळताना आकसतो आणि त्यालाही ओढून घेतो. तीनचार रंगकामांनंतर पोपडे सुटतात आणि मुळापासून खरवडण्याची वेळ येते. रंग स्वस्त पडला, पण ही खरवडण्याची मजुरी पुढे कुणाला तरी भरावीच लागते.

साध्या इमल्शनवर तोच डाग मऊ ओल्या फडक्याने, लागला तर पाण्यात चिमूटभर साबण घालून, निघतो किंवा नजरेला न खुपण्याइतका फिका होतो. घासूघासू पुसलं तर तिथे किंचित चमक येते, ती तिरप्या उजेडात दिसते. स्वस्त इमल्शनचा हा दोष मान्य करायला हवा. नवा रंग पहिले दोनतीन आठवडे अजिबात पुसू नये, तोवर तो पुरता पक्का झालेला नसतो. पण शेड दुकानातल्या मशीनवर काढलेली असली तर त्याच क्रमांकाचा एक लिटर पुढच्या वर्षीही मिळतो, आणि घट्ट बसलेल्या जुन्या इमल्शनवर पुढच्या वेळी हलकं घासून, पुसून, थेट दोन हात मारता येतात. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधी द्यायच्या अस्तराचा, खर्चही वाचतो. माझ्यापुरतं तरी पारडं इथेच कललं.

मात्र आज भिंतीवर डिस्टेंपर असेल आणि इमल्शनकडे जायचं असेल, तर यंदाचा खर्च एकदा वाढतो हे धरून चाला. आधी भिंतीवर काय आहे ते ओळखा. काळं फडकं कोरडंच भिंतीवर घासा; पांढरी भुकटी आली तर चुना किंवा जुनं डिस्टेंपर. मग ओलं बोट घासा. रंग विरघळून बोटाला लागला तर बहुधा डिस्टेंपर. त्यावर थेट इमल्शन मारलं तर वर्षभरात पापुद्रे निघतात, कारण इमल्शन भुकटीला चिकटतं आणि भुकटी भिंतीला चिकटलेली नसते. पुट्टीचंही तसंच होतं.

खरवडताना भिंतीवर आधी पाणी मारा, पंधरावीस मिनिटं मुरू द्या आणि मग पत्र्याने खरवडा. धूळ कमी होते आणि थर सोलल्यासारखा निघतो. नंतर ओल्या स्पंजने भिंत पुसा आणि पुरती वाळू द्या. एवढं करूनही हाताला थोडी पावडर लागते. तिथे पाण्याच्या प्रायमरपेक्षा टर्पेंटाइनमध्ये पातळ करायचा ऑइलचा सिमेंट प्रायमर जास्त भरवशाचा. तो भुकटीत मुरून तिला बांधतो. वास दोन दिवस राहतो, खिडक्या उघड्या ठेवा. ११५० चौरस फुटांना एका हाताला दहाएक लिटर लागेल.

तेलाच्या डागांचं काम प्रायमरच्या आधीच उरका. कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून डाग धुवा, साध्या पाण्याने पुसून घ्या, वाळल्यावर १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा आणि तेवढ्या जागी ऑइल प्रायमरचा एक हात देऊन रात्रभर ठेवा. पाण्याचा प्रायमर लावला तर तेल त्यातून वर येतं आणि नव्या रंगावर महिन्याभरात तोच पिवळा गोल उमटतो. स्वयंपाकघरात ओट्यावरच्या भिंतीला आणि छताच्या कोपऱ्याला हेच करा, तिथे फोडणीचा चिकट थर असतो. स्वयंपाकघराच्या भिंतीला डिस्टेंपर लावूच नये असं माझं मत आहे.

पुट्टीबद्दल सावध राहा, कारण बजेट खरं तिथे फुटतं. भिंतींना पूर्ण दोन हात सिमेंट पुट्टी करायची म्हटलं, तर एक किलो साधारण १२ ते १५ चौरस फूट जाते. ११५० चौरस फुटांना ८० ते ९५ किलो, म्हणजे ४० किलोच्या दोन पिशव्या संपून तिसरी फुटते. त्यात लावण्याची आणि घासण्याची मजुरी वेगळी. डिस्टेंपर आणि इमल्शन यांतल्या फरकाहून हा आकडा कितीतरी मोठा असतो. रंगाऱ्याला सांगा, फक्त भेगा, खिळ्यांची भोकं आणि उखडलेल्या जागा भरायच्या. भेग पत्र्याच्या टोकाने इंग्रजी व्हीसारखी उकरून घ्या, पाणी मारा, मग भरा. वरवर लिंपलेली भेग पहिल्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. सिमेंटची पुट्टी मळल्यावर दोन तासांत संपवावी, घट्ट झाली म्हणून पाणी घालून पुन्हा मळू नये. भिंत आरशासारखी होणार नाही. या बजेटात ती तशी नसली तरी चालतं.

डिस्टेंपर कुठे घ्यावं? छताला, निःसंकोच. छताला कुणी पाठ टेकत नाही, हात लावत नाही. पांढरं तयार डिस्टेंपर तिथे छान बसतं आणि उजेडही देतं. माळ्याच्या आत, जिन्याखालच्या खोलीत, भाड्याच्या खोलीत किंवा दोन वर्षांत पाडून नवं बांधायचं असलेल्या घरातही मी डिस्टेंपरच सांगेन. लग्न तोंडावर आलंय आणि भिंतीवर आधीचं डिस्टेंपर घट्ट आहे, तर घासून एक-दोन हात देऊन मोकळं व्हावं.

ओलीची भिंत हा वेगळा प्रश्न आहे. न्हाणीघराला लागून असलेली, पावसाच्या बाजूची, किंवा खालून दोन फूट खार फुटलेली भिंत असेल, तर तिच्यावर हातभर प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने लावा आणि दिवसभर ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर ती भिंत अजून पाणी सोडतेय. तिच्यावर इमल्शन मारलं तर फुगे येतात, कारण आतल्या ओलीला बाहेर पडायला वाट कमी मिळते. गळती काढेपर्यंत ती एक भिंत डिस्टेंपरवर किंवा चुन्यावर ठेवा आणि बाकीच्या तीन इमल्शनने करा. जुन्या वाड्याच्या मातीच्या किंवा चुन्याच्या भिंतींना तर चुनाच बरा. त्या भिंती ओल घेतात आणि सोडतात, त्यांना वरून बंद केलं तर गिलावाच सुटून येतो.

मुहूर्ताचं म्हणाल तर गणपती ते दिवाळी रंगारी मिळणं कठीण आणि पावसाची ओल भिंतीत असते. शक्य असेल तर जानेवारी ते मार्च धरा. भिंती कोरड्या असतात आणि मजुरीत थोडं बोलता येतं.

बादली मागवताना पूर्ण नाव सांगा. ट्रॅक्टर नावाचं डिस्टेंपरही आहे आणि इमल्शनही, बायसनचंही तसंच. नुसतं "ट्रॅक्टरची बादली द्या" म्हटलं की भलतीच घरी येऊ शकते. शेड फिकी घ्या. गडद शेडला रंगद्रव्याचे जादा पैसे पडतात, हात तीन लागतात आणि पुसल्याची चमक तिच्यावर जास्त दिसते. काही डब्यांत पैसे मिळवून देणारं टोकन निघतं, ते रिवाजाने रंगारी ठेवतो. माल तुम्ही आणणार की तो, हे मजुरी ठरवतानाच बोलून घ्या.

इमल्शन हातातून जातं ते पाण्यापायी. रंग पुरवायचा म्हणून निम्मं पाणी घातलं की भिंत डागाळते, तिसरा हात लागतो आणि वर्षाने हाताला पावडर लागते, म्हणजे पैसे इमल्शनचे आणि भिंत डिस्टेंपरची. डब्यावर लिहिलेलं प्रमाण वाचा आणि एक मग ठरवून मापानेच पाणी घाला. जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून रंग गाळून घ्या. एकाच शेडचे दोन डबे असतील तर आधी एकत्र करा, कारण वेगवेगळ्या बॅचमध्ये किंचित फरक पडतो. दोन हातांत किमान चार तास जाऊ द्या. सुरू केलेली भिंत जेवणाच्या सुट्टीआधी पूर्ण करा, नाहीतर थांबल्याची रेघ उरते.

दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट जुना असेल तर कोरडा घासू देऊ नका. घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. त्याआधीच्या थरांत शिसं जास्त असू शकतं. वॉटर पेपर ओला करून घासा, चिखल कागदावर गोळा करा आणि लहान मुलांना त्या दिवशी शेजारी पाठवा.

काम संपल्यावर पाणी न घातलेला अर्धा लिटर रंग काचेच्या बरणीत काठोकाठ भरून झाकण घट्ट लावा, आणि शेडचा क्रमांक, कंपनी व तारीख कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवा. पलंगाच्या उशाशी डाग पुन्हा उमटेल तेव्हा दोन इंची ब्रश आणि ही बरणी पुरते.