सिंगल अ‍ॅक्शन की ड्युअल अ‍ॅक्शन एअरब्रश?

सिंगल अ‍ॅक्शन एअरब्रशचा (दाबाच्या हवेने रंग फवारणाऱ्या पेनासारख्या साधनाचा) खटका दाबला की हवा आणि रंग एकदमच बाहेर पडतात. रंगाचे प्रमाण बदलण्यासाठी मात्र हात थांबवून स्क्रू फिरवावा लागतो, त्यामुळे मोठ्या पृष्ठभागावर एकसारखा थर देण्यापुरताच तो सोयीचा ठरतो. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये खटका खाली दाबल्यावर हवा आणि मागे ओढल्यावर रंग सुटतो, म्हणून बारीक रेषेपासून रुंद छटेपर्यंत एकाच फटकाऱ्यात जाता येते. त्याला सराव अधिक लागतो हे खरे, तरीही चित्रे किंवा मॉडेल रंगवायची असल्यास सुरुवातच ड्युअल अ‍ॅक्शनने करावी, असे माझे मत आहे. सोबत ०.३ ते ०.४ मिलिमीटरचे नोझल (रंग बाहेर पडण्याचे टोक) आणि टाकी असलेला कॉम्प्रेसर (हवा दाबून पुरवणारे यंत्र) घ्यावा, कारण टाकीमुळे हवेचा दाब स्थिर राहतो.