मालिकांचे संवाद नीट ऐकू येण्यासाठी साउंडबार

टीव्ही जितका पातळ, तितके त्याचे स्पीकर लहान आणि बहुधा खाली किंवा मागे तोंड केलेले. म्हणून पार्श्वसंगीत चढलं की मालिकेतले संवाद दबतात. साधा २.१ साउंडबारही (टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर; २.१ म्हणजे डावा-उजवा आवाज आणि बाससाठी वेगळा सबवूफर) बरीच सुधारणा करतो. पण खास संवादांसाठीच घेत असाल तर मधला स्वतंत्र स्पीकर असलेला ३.१ घ्या.

जोडणी एचडीएमआयनेच करा, तीही टीव्हीच्या ‘एआरसी’ (टीव्हीचा आवाज बारकडे पाठवण्याची सोय) लिहिलेल्या पोर्टला. दुसऱ्या पोर्टला लावल्यास टीव्हीचा आवाज बारमधून येत नाही आणि दोष बारला दिला जातो. टीव्हीत सीईसी (एचडीएमआयने जोडलेली उपकरणं एकाच रिमोटने चालवण्याची सोय) सुरू करा, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमीजास्त होतो. घरातल्या ज्येष्ठांना दोन रिमोट सांभाळायला लावू नयेत! ऑप्टिकल केबलमधून सीईसी जात नाही. ब्लूटूथ तर टाळाच: आवाज ओठांच्या मागे पडतो आणि बारमधलं ‘ऑडिओ डिले’ (आवाज उशिरा सोडणारं सेटिंग) त्याला आणखी मागे ढकलतं.

सबवूफर कोपऱ्यात ठेवला की बास फुगतो, भारी आवाजातले शब्द गढूळ होतात. हातभर पुढे ओढा. रात्री ‘नाइट मोड’ लावा, म्हणजे मोठे आवाज दबतात आणि संवाद ऐकू येतात. बारमुळे टीव्हीचा रिमोट सेन्सर झाकला जाणार नाही ना, हे मात्र घेण्याआधीच उंची मोजून बघा.