छोटं पार्क: स्वतःची निविदा की संयुक्त खरेदी?

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एका टाउनशिपच्या (म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या) पार्क समितीवर माझी मैत्रीण आहे. कोपऱ्यावरच्या छोट्या पार्कसाठी स्वतंत्र निविदा काढायची, की सोर्सवेलच्या आयत्या करारावरून खेळणी घ्यायची, यावर तिचं घोडं अडलंय. सोर्सवेल ही मिनेसोटातली सरकारी संस्था. निविदा ती एकदा काढते, मग सभासद असलेल्या संस्था त्याच करारावर माल घेतात. हीच संयुक्त खरेदी.

वेळेत संयुक्त खरेदी सरळ पुढे. बोली, छाननी आधीच उरकलेली असते.

पैशाचं तसं नाही. 'यादीच्या किमतीवर इतके टक्के सूट' ऐकायला छान, पण झोपाळ्यावर वाचलेले पैसे वाहतूक आणि बसवणुकीत जाऊ शकतात. सगळं धरून शेवटचा आकडा मागा आणि तोच ताडून बघा.

खरी गोम जमिनीत आहे. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेनुसार खेळण्याभोवती किमान 6 फूट मऊ जागा हवी. कॅटलॉगात घसरगुंडी दिसते, तिच्या पायथ्याचा चिखल दिसत नाही. जुनं काँक्रीट उखडणं, निचरा, व्हीलचेअरची वाट ही कामं जागा पाहिलेल्या स्थानिक कंत्राटदाराचीच.

टिकाऊपणात फरक नाही. खेळणी त्याच कंपन्यांची.

जमीन ठीक आहे, फक्त खेळणी बदलायचीत आणि ऑफिसात माणसं दोनच, तर संयुक्त खरेदी. खोदकाम जास्त असेल तर स्वतःची निविदा. मैत्रिणीच्या पार्कात पाऊस पडला की बाकाखाली बदकं पोहतात. तिला मी निविदाच सांगितली.