शाळेची नोकरी, घरचा क्लास की लग्नाचं संगीत? बडोद्यात कथक शिकून झालेल्यांसाठी

दरवर्षी मे-जून आला की कथकची विशारद परीक्षा झालेल्या, नाहीतर सुरसागर तलावासमोरच्या सयाजीराव विद्यापीठाच्या परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टीतून डिग्री घेतलेल्या दोन-तीन मुली माझ्याकडे येतात आणि प्रश्न एकच असतो, दीदी आता पुढे काय करू. घरचे म्हणतात शाळेत लाग, पगार येईल. मैत्रिणी म्हणतात लग्नाच्या संगीतसाठी घरच्यांचे नाच बसवून द्यायची कामं घे, एका सीझनमध्ये वर्षाचा खर्च निघतो. आणि मुलीच्या स्वतःच्या मनात बहुतेक वेळा क्लासच असतो. मी तिन्ही केलंय, शाळा चार वर्षं, संगीत तीन सीझन आणि दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या खालच्या खोलीत क्लास अकरा वर्षांपासून चालू आहे, म्हणून एकदा नीट सगळं लिहून ठेवते.

पैशाचं बोलूच, पण त्याच्या आधी एक गोष्ट विचारा स्वतःला. रात्री सगळं आटपल्यावर तुमच्या स्वतःच्या तत्कारासाठी, म्हणजे पायाच्या कामाच्या रियाजासाठी, किती वेळ उरतो आणि पायात किती जीव उरतो? मी तिन्ही कामं याच मापाने मोजते कारण तुम्ही दहा-बारा वर्षं जे शिकलात ते रोज केलं नाही तर वर्षभरात हातातून जातं, चक्कर आधी जातात, मग लय.

शाळेपासून सुरू करते. सकाळी लवकर जायचं, दुपारी दोन-अडीचला घरी, दिवाळीची आणि उन्हाळ्याची सुट्टी, ठरलेल्या तारखेला पगार. तासिका ३५-४० मिनिटांची, वर्गात चाळीसेक मुलं, त्यातली दहा मिनिटं रांग लावण्यात आणि बूट काढण्यात जातात. तिथे तुम्ही कथक शिकवत नाही हे आधीच समजून घ्या, तुम्ही आठ काउंट शिकवता, आणि ऑक्टोबरनंतर सगळं वर्ष अॅन्युअल डेसाठी वळतं. पण मी त्या चार वर्षांत जे शिकले ते कुठल्याच गुरूकडे मिळालं नसतं. साठ मुलं स्टेजवर आणायची कशी आणि न्यायची कशी, उंच मुलं कुठे, रंग कुठला कुठल्याशेजारी, एक ओळ तुटली तर कोण सांभाळेल. कथक मुळात एकट्याचा नाच, आपण सगळ्या सोलो करतच वाढतो, समूहात बघायची नजर आपल्याला कोणी देत नाही. कथकच्या कुमुदिनीबेन लाखियांनी अहमदाबादला कथक समूहात आणून दाखवलं, ते बघून भारावून जाणं वेगळं आणि तिसरीच्या मुलांना सरळ रेषेत उभं करणं वेगळं, ते मला शाळेने शिकवलं.

दुसरी बाजूही सांगते. एका शाळेत मी तिसरीच्या ४८ मुलांकडून सोळा मात्रांचा तीनताल करून घेतला होता, हातावर टाळी, नवव्या मात्रेला हात उलटा करून खाली, सगळे बरोबर, दोन महिने लागले होते. कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी वेळ कमी आहे म्हणून तो काढला आणि फिल्मी गाणं ठेवलं. मुलं रडली नाहीत, मी मात्र घरी येऊन खूप रडले. शाळेत तुमचं काम तुमचं नसतं, ते एका निरोपावर बदलतं, हे ज्यांना चालेल त्यांनीच जावं.

क्लासचं मात्र जरा सावकाश सांगते कारण सगळ्यात जास्त चुका इथे होतात. पहिली जमीन. टाइल्सवर किंवा कोट्याच्या फरशीवर रोज तीन-तीन बॅच तत्कार केला की टाचा आणि गुडघे बोलायला लागतात, तुमचे आणि मुलींचेही. लाकडी फ्लोअर परवडलं तर उत्तम, नाही तर निदान जाड सतरंजी टाका आणि घुंगरू रोज न बांधता आठवड्यातून दोनदाच बांधायला सांगा. दुसरं, क्लास तळमजल्यावरच घ्या. वरच्या मजल्यावर फ्लॅटमध्ये सुरू केलेला क्लास सहा महिन्यात खालच्या काकांच्या तक्रारीने बंद झालेला मी दोनदा बघितलाय, आणि काकांचं काही चुकत नाही हो, वीस मुलींचा चौपट वेगातला तत्कार डोक्यावर कोण ऐकेल.

मग बॅच. सुरुवातीला सगळ्या लहान येतात, सहा-सात वर्षांच्या. गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत जातात, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मग दोन मध्यमा, आणि इथपर्यंत आल्या की मुलगी नववी-दहावीत असते. मग एक दिवस आई येते, बोर्ड आहे दीदी, एक वर्ष गॅप घेऊ या. ते वर्ष बहुतेक वेळा परत येत नाही. प्रारंभिकला बारा असतील तर विशारदला दोन उरतात, कधी एकच. हे माझ्या शिकवण्यामुळे होत नाही हे मनाला पटायला मला बरीच वर्षं लागली, तुम्ही आधीच ऐकून ठेवा म्हणजे पहिल्या वेळी एवढं लागणार नाही.

आता क्लासमध्ये स्वतःच्या नाचाचं काय होतं? लोकांना वाटतं रोज शिकवते म्हणजे रियाज होतोच. नाही होत. तुम्ही अर्ध्या अंगाने दाखवता, संथ लयीत दाखवता, आणि डोळे मुलींच्या पायांवर असतात. माझे चक्कर क्लास सुरू केल्याच्या दुसऱ्याच वर्षी ढिले झाले होते, एका छोट्या कार्यक्रमात ते जाणवलं आणि त्या रात्रीपासून सकाळी साडेपाच ते साडेसहा हा तास मी कोणालाच देत नाही. लेहरा, म्हणजे तालाची परत परत वाजणारी धून, अॅपवर लावायचा, सुरुवात विलंबितात, शेवट द्रुतमध्ये, बास.

पण क्लासने काही वाढवलं पण. पढंत, म्हणजे नाचाचे बोल तोंडाने म्हणणं, माझी क्लासमुळेच सुधारली, कारण मुलींसमोर बोल अडखळून चालत नाही. आणि समजावताना जे कळतं ते नुसतं नाचताना कधी कळत नाही. एकदा मध्यमाच्या मुलींना मी तयार तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपणारा तुकडा, दिलीच नाही, म्हटलं पाच मात्रांचा तुकडा बनवा, तीनदा म्हणा, मध्ये एक-एक मात्रा थांबा, तीनतालाच्या समेवरून, म्हणजे पहिल्या मात्रेवरून, उचला. पाच, एक, पाच, एक, पाच, झाले सतरा, आणि सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम. त्या बोटांवर मोजत होत्या आणि शेवटचं "थेई" समेवर पडलं तेव्हा जो आवाज झाला खोलीत, त्या संध्याकाळसाठी मी दहा वर्षं आणखी क्लास चालवीन.

पैसे क्लासमध्ये हळू येतात आणि मधे मधे गायब होतात. मे महिना अर्धा रिकामा, परीक्षांच्या वेळी मुली कमी, आणि नवरात्रीत बडोद्यात क्लास ठेवून बसूच नका, नऊ रात्री कोणी येत नाही आणि दहाव्या दिवशी सगळ्यांचे पाय दुखत असतात. मी आता त्या दिवसांत सरळ सुट्टी देते आणि स्वतः गरब्याला जाते. फीचं पहिल्या दिवशीच लिहून द्या, सुट्टीच्या महिन्याचं काय तेही, नंतर बोलणं फार अवघड जातं.

संगीतचं थोडक्यात. तुलसी विवाह झाला की फोन सुरू होतात, डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत कमूरता, म्हणजे लग्नं न करायचा काळ, म्हणून काम थांबतं, मग परत धावपळ. रात्री आठ ते अकरा सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये, गाणी दीड-दीड मिनिटांची कापलेली, आणि समोर ज्यांनी आयुष्यात कधी नाच केला नाही अशी माणसं. पैसा तिन्हीत सगळ्यात पटकन इथेच, गाण्याप्रमाणे ठरवा आणि अर्धे आधी घ्या. कामाला कमी लेखू नका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या एका आजींना मी खुर्चीत बसूनच हस्तक, म्हणजे हातांच्या हालचाली, दिले होते, नातीच्या लग्नात त्यांनी ते इतक्या मनापासून केले की मंडपातली माणसं उभी राहिली. कोणाच्या अंगाला काय शोभतं हे दहा मिनिटांत ओळखायला इथे शिकता. पण सीझनभर रात्री जागून सकाळचा रियाज होत नाही हे मी तीन वर्षं खोटं ठरवायचा प्रयत्न केला, झालं नाही.

नोकरी आणि नाच असं दोन्ही चालवायचं हे बडोद्याला काही नवीन नाही हो. गायकवाडांच्या वेळी कलावंत कारखाना नावाचं खातंच होतं, तंजावरहून सयाजीरावांच्या राणी चिमणाबाईंच्या लग्नाबरोबर आलेल्या नर्तकी दरबारच्या पगारावर होत्या, त्यातल्या कांतिमतींचे चिरंजीव कुबेरनाथ तंजोरकर पुढे इथेच शिकवत होते. १८८६ साली सयाजीरावांनी गायनशाळा काढली तिथूनच आजची फॅकल्टी वाढली. कथकमध्ये जयपूर घराण्याचे सुंदरलाल गांगाणी तिथे कितीतरी वर्षं शिकवत होते. भरतनाट्यमचे सी. व्ही. चंद्रशेखर सर बॉटनीत एमएससी केलेले, बडोद्याच्या फॅकल्टीत प्राध्यापक होते आणि ऐंशी ओलांडल्यावरही स्टेजवर नाचत होते. मला जेव्हा जेव्हा वाटतं की शिकवता शिकवता आपलं नाचणं संपलं, तेव्हा मी त्यांचा विचार करते.

मग कोणी काय निवडावं. घरी पैशाची गरज आजच आहे तर शाळा घ्या, आणि दुपारी तीननंतरचा वेळ ट्यूशनला न देता स्वतःला द्या, शाळेचा खरा फायदा ती दुपार आहे. तुम्हाला नवीन काही बनवायची ओढ आहे, माणसं हलवायला आवडतं, तर दोन सीझन संगीत जरूर करा पण तेवढंच, तिसऱ्या वर्षी तुमच्या हातातले हस्तक बदललेले असतात, मी माझे आरशात बघितलेत. आणि शिकवण्यात खरंच जीव असेल तर क्लास, पण पहिली दोन वर्षं जोडीला दुसरं काहीतरी लागेल हे धरून चाला. फक्त परफॉर्मर व्हायचंय म्हणणाऱ्यांनी वय पंचवीसच्या आत असताना केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाच्या यंग आर्टिस्ट स्कॉलरशिपचा फॉर्म भरावा, १८ ते २५ वयासाठी आहे, दोन वर्षं महिना ५००० मिळतात, त्यात घर चालत नाही पण तबलजींना बोलावून रियाज करता येतो आणि ते फार मोठं आहे.

क्लास ठरलाच तर जूनमध्ये सुरू करा, शाळा उघडतात तेव्हा, श्रावणात नको आणि नवरात्रीच्या तोंडावर तर अजिबात नको. पहिली बॅच आठ जणींच्या वर घेऊ नका. आणि खोलीला रंग देण्याआधी भिंतीवर आरसा कुठे लागणार ते ठरवा, मी उलटं केलं आणि आरसा आजही खिडकीसमोर आहे, संध्याकाळी पाचला उन्हाने कोणालाच काही दिसत नाही.